अशी एखादी मोठी पूर्ण संख्या आहे का, जिचा गुणधर्म संगणकाविना हाताने पडताळता येईल?

आहे, आणि मी फोंड्यात ज्या मुलांना गणित शिकवतो त्यांनाही तीच दाखवतो : ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५.

या पंचवीस अंकी संख्येचे डावीकडून दोन अंक घेतले (३६) तर त्यांना २ ने, तीन घेतले (३६०) तर ३ ने, चार घेतले (३६०८) तर ४ ने निःशेष भाग जातो, आणि हा क्रम कुठेही न तुटता संपूर्ण संख्येला २५ ने भाग जाईपर्यंत चालतो. पंचवीस अंकांची अशी दुसरी संख्या नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-भाज्यांची चौकट) बांधून झाल्यावर मी आणि माझा भाचा वही घेऊन पडताळणीला बसलो होतो. ११ पाशी तो अडला, तेव्हा ३६०८५२८८५०३ मधील एकाआड एक अंकांच्या बेरजा मी त्याला करायला लावल्या. त्या सारख्या आल्या तर ११ ने भाग जातो. दोन्हीकडे २४ आले आणि त्याचा चेहरा उजळला. १३ साठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आळीपाळीने मिळवावे आणि वजा करावे; उत्तराला १३ ने भाग गेला तर संख्येलाही जातो, कारण ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१ होतो. (भाच्यासारख्या लहान मुलांना आधी ३८१६५४७२९ द्यावी : तिच्यात १ ते ९ हे सर्व अंक एकेकदाच येतात आणि गुणधर्म हाच आहे.)

ही साखळी संपते का, हा मला यातील सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो. पुढचा अंक निवडताना आपल्यापुढे ० ते ९ असे दहाच पर्याय असतात. भाजक १० किंवा त्याहून लहान असेल तर दहा लागोपाठच्या संख्यांपैकी एकीला तरी भाग जातोच. ११ पासून मात्र ही हमी उरत नाही. म्हणून या जातीच्या नऊ अंकी संख्या २४९२ आहेत, दहा अंकीही तितक्याच, कारण प्रत्येकीपुढे फक्त ० लिहिता येतो, आणि तेथून ओहोटी लागते : वीस अंकी ४४, चोवीस अंकी ३, पंचवीस अंकी १. शून्य सोडून सर्व मिळून २०४५६.

सव्वीसावा अंक का सापडत नाही, हेही हाताने दाखवता येते. आपल्या संख्येपुढे ० लिहून २६ ने भागले तर बाकी १२ उरते, म्हणजे भाग जाण्यासाठी त्या जागी १४ हवे होते. १ लिहिला तर १३ ने भाग जातो, पण संख्या विषम राहते.