जेलीफिश हा बँड दोन अल्बममध्येच का आटोपला?

प्रश्न असा: जेलीफिश या अमेरिकन बँडचं जाणकार इतकं कौतुक करतात, मग दोनच अल्बम काढून ते का संपले? ग्रंजची, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या खरखरीत, उदास रॉकची लाट आली म्हणून का? आणि आज ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी?

ग्रंजवर खापर फोडणं सोयीचं आहे, पण तारखा बघितल्या तर ते पटत नाही. त्यांचा पहिला अल्बम 'बेलीबटन' आला 1990 मध्ये. ज्याने ग्रंजची लाट उसळली तो निर्वाणा बँडचा 'नेव्हरमाइंड' आला सप्टेंबर 1991 मध्ये. म्हणजे मधला वर्षभराचा काळ रान मोकळं होतं. तेवढ्यात अमेरिकेत त्यांचं सगळ्यात वर गेलेलं गाणं, 'बेबीज कमिंग बॅक', बिलबोर्ड हॉट 100 च्या यादीत 62 व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि खाली आलं. बरं, जुन्या वळणाचं संगीत लोकांना नको होतं म्हणावं, तर तसंही नाही. हे ज्यांच्या कार्यक्रमाआधी वाजवायला जायचे ते ब्लॅक क्रोज सरळसरळ सत्तरच्या दशकातला रॉक वाजवत होते, आणि त्यांचा पहिलाच अल्बम लाखांनी खपत होता.

माझं मत विचाराल तर हा बँड बाहेरून कुणी मारला नाही. त्याची मांडणीच अशी होती की तो फार काळ टिकणं अवघड होतं.

बँडचा गाभा म्हणजे अँडी स्टर्मर आणि रॉजर मॅनिंग, कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटनचे, एकाच शाळेतले. आधी दोघं बीटनिक बीच नावाच्या बँडमध्ये होते. त्या बँडचा एक अल्बम 1988 मध्ये आला, चालला नाही, आणि दोघं बाहेर पडले. गाणी हे दोघंच लिहिणार, हे तेव्हापासून ठरल्यासारखं होतं. गिटारवर जेसन फॉकनर आला. तो आधी लॉस एंजेलिसच्या थ्री ओक्लॉकमध्ये वाजवायचा आणि स्वतः उत्तम गाणी लिहायचा. म्हणजे तीन गीतकार, आणि गाणी फक्त दोघांची. पहिल्या अल्बमचा दौरा संपला तसा फॉकनर निघून गेला, आणि त्याचं कारण हेच होतं. मॅनिंगचा भाऊ ख्रिस दौऱ्यात बास वाजवायचा, तोही थांबला. पहिल्या अल्बमनंतरच निम्मा बँड गळाला होता, आणि त्याचा ग्रंजशी काही संबंध नव्हता.

आता ते वाजवत होते ते नेमकं काय? पॉवर पॉप. हा शब्द द हू बँडच्या पीट टाउनशेंडने 1967 मध्ये आपल्याच संगीताबद्दल वापरला. साठच्या दशकातल्या बीटल्ससारखी गोड चाल आणि मिळून गायलेले आवाज, आणि त्याखाली दणदणीत गिटार. बॅडफिंगर, रास्पबेरीज, बिग स्टार, चीप ट्रिक ही या घराण्यातली मोठी नावं. यातल्या कित्येकांच्या कपाळी भरपूर कौतुक आणि तुटपुंजी कमाई लिहिलेली होती, तेव्हा जेलीफिश काही जगावेगळे नाहीत. फरक इतकाच, की हे फक्त बीटल्सवर थांबले नाहीत. बीच बॉइज, क्वीन, एक्सटीसी, हॅरी निल्सन असं सगळं त्यांनी एकाच पातेल्यात शिजवलं. आणि स्टेजवर मखमली कोट, पट्ट्यापट्ट्यांच्या विजारी, उंच टोप्या. ढोल वाजवणारा एरवी मागे बसलेला असतो. इथे स्टर्मर सगळ्यांच्या पुढे उभा राहून ड्रम्स वाजवायचा आणि मुख्य आवाजही त्याचाच. एखादा व्हिडिओ शोधून बघाच. दोन्ही हात नि एक पाय वेगवेगळी कामं करताहेत आणि वर गळा शांतपणे सूर लावतोय, हे बघायला फार मजा येते.

खरा घोळ दुसऱ्या अल्बमपासून, म्हणजे 'स्पिल्ट मिल्क'पासून झाला असं मला वाटतं. गंमत म्हणजे तोच त्यांचा सर्वांत चांगला अल्बम आहे. निर्माते दोन्ही वेळा तेच होते, अल्बी गॅल्युटन आणि जॅक जोसेफ पुइग. यातला गॅल्युटन म्हणजे बी जीजच्या 'सॅटर्डे नाइट फीव्हर'मधल्या गाण्यांवर काम केलेला माणूस. आवाजावर आवाज चढवत नेण्याची हौस सगळ्यांनाच होती, आणि या वेळी त्यांना आवरायला कुणी नव्हतं. पहिलं गाणं 'हश' ही अंगाई आहे. एकावर एक रचलेले मऊ आवाज, वाद्यं जेमतेम. तुम्ही आवाज थोडा वाढवून ऐकत असता, आणि ते विरतं न विरतं तोच 'जॉइनिंग अ फॅन क्लब' अंगावर येतं. हेडफोन लावून ऐकणार असाल तर इशारा देऊन ठेवतो. पुढे कुठे बँजो, कुठे सर्कशीचा बाजा. मला हे सगळं आवडतं, पण रेडिओवाल्याने यातलं नक्की काय वाजवायचं?

त्यात कंपनीचीही उलथापालथ झाली. त्यांची करिझ्मा ही रेकॉर्ड कंपनी व्हर्जिनची शाखा. 1992 मध्ये व्हर्जिनच ईएमआयच्या ताब्यात गेली आणि करिझ्मा मोडीत निघाली. फेब्रुवारी 1993 मध्ये अल्बम आला तेव्हा ज्यांनी यांना हौसेने करारबद्ध केलं होतं ती व्यवस्थाच शिल्लक नव्हती. ब्रिटनमध्ये अल्बम 21 व्या क्रमांकावर पोचला, अमेरिकेत 164 व्या. इथे ग्रंजचा वाटा मी मान्य करतो. 1993 मध्ये ग्रंजवाल्यांच्या फाटक्या स्वेटरांच्या गर्दीत मखमली कोट विदूषकी दिसणारच.

तरी पडलेला अल्बम पचवून उभे राहिलेले बँड पुष्कळ आहेत. इथे तिसऱ्या अल्बमची तयारी सुरू झाली आणि स्टर्मर नि मॅनिंग यांचंच पटेना. दोघांना दोन दिशांना जायचं होतं. फॉकनर आणि ख्रिस यांच्या जागी आलेले एरिक डोव्हर आणि टिम स्मिथ गुणी होते, पण त्यांच्या म्हणण्याला वजन नव्हतं. लिहिणारे दोघंच, आणि तेच अडले, म्हणजे सगळंच अडलं. 1994 मध्ये कारभार आटोपला. दोन अल्बम मिळून गाणी 22.

त्यानंतरची कहाणी मला जास्त रंजक वाटते. मॅनिंग बेक या अमेरिकन गायकाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवू लागला. फॉकनर पॉल मॅकार्टनीच्या 2005 सालच्या अल्बमवर वाजवून आला. डोव्हर गन्स अँड रोझेसचा गिटारवादक स्लॅश याच्या स्नेकपिट या बँडमध्ये गायला. स्टर्मर मात्र रॉकच्या जगातून जवळपास दिसेनासाच झाला आणि जपानमध्ये निघाला! तिथल्या दोन मुलींच्या जोडीला 'पफी' हे नाव त्याने दिलं आणि त्यांच्यासाठी बरीच गाणी केली. अमेरिकेत पफ डॅडी या रॅपरशी गोंधळ नको म्हणून त्यांचं नाव पफी अमीयुमी झालं. 'टीन टायटन्स' या कार्टूनचं शीर्षकगीत त्यांनीच गायलं आहे आणि लिहिलं आहे स्टर्मरने. पहिल्या 'बेन टेन'चं शीर्षकगीतही त्याचंच. म्हणजे ज्यांचं लहानपण कार्टून नेटवर्कसमोर गेलं, त्यांच्या घरात हा माणूस कधीच येऊन गेला आहे.

आणि ते 62 व्या क्रमांकावर अडकलेलं 'बेबीज कमिंग बॅक'? मॅकफ्लाय या इंग्लिश बँडने ते 2007 मध्ये पुन्हा गायलं आणि ते ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. चाल तीच. त्यामुळे गाण्यात खोट होती असं कुणी म्हणायला नको.

ऐकायची सुरुवात 'द किंग इज हाफ-अनड्रेस्ड'पासून करा. मध्येच वाद्यं बाजूला होतात आणि नुसते आवाज गुंफले जातात, तो तुकडा आवडला तर पुढे अख्खा 'बेलीबटन' लावा. नाही आवडला तर 'स्पिल्ट मिल्क'च्या वाटेला जाऊ नका, तिथे हेच तिप्पट आहे. दोन्ही पचले तर मॅनिंग, डोव्हर आणि स्मिथ या तिघांच्या लिकरिश क्वार्टेट या बँडची गाणी आहेत. 2020 पासून ती छोट्या संचांत आली. स्टर्मर त्यात नाही, त्यामुळे तो आवाज तिथे शोधू नका, पण गाण्यांची घडण ओळखीची वाटेल. 'लाइटहाउस स्पेसशिप' आधी ऐका.