कोलोस्टोमी बॅगची (पोटावर लावायच्या मलाच्या पिशवीची) त्वचेला चिकटणारी चकती दोन दिवसांतच सुटते, कडेने गळते. काय करावे?

आधी काढलेल्या चकतीची मागची बाजू पाहा. मळ ज्या दिशेला पसरलाय, तिथेच फट आहे. बहुतेकदा छिद्र मोठे कापलेले असते. स्टोमापेक्षा (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडापेक्षा) फक्त २-३ मिमी मोठे हवे. शस्त्रक्रियेनंतर ६-८ आठवडे स्टोमा आकसतो, म्हणून दर आठवड्याला पुन्हा मोजा.

त्वचा कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल, क्रीम, मॉइश्चरायझरचा साबण नको, त्यावर चिकटतच नाही. ओलसर, सोललेल्या त्वचेवर स्टोमा पावडर टाकून जादाची झटका. घडी किंवा खळगा असेल तर तिथे सील रिंग (फट भरणारे मऊ, चिकट कडे) लावा. चकती तळहातांत धरून ऊबदार करा, लावल्यावर दोन मिनिटे दाबून ठेवा.

पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करा. गळतीवर वरून टेप मात्र कधीच लावू नका, खाली त्वचा जळते. स्टोमा आत ओढलेला असेल तर बहिर्वक्र (त्वचेकडे फुगीर) चकतीबद्दल स्टोमा नर्सला विचारा.