आंब्याची कोवळी पालवी तांबूस आणि लुळी का असते?

प्रश्न : आमच्या अंगणातील आंब्याला नवी पालवी फुटते तेव्हा पाने तांबूस असतात आणि सुकल्यासारखी खाली लोंबतात. काही आठवड्यांत तीच पाने हिरवी आणि कडक होतात. रंग जाणे आणि पान ताठ होणे यांचा परस्परांशी संबंध आहे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : संबंध आहे, मात्र तांबडा रंगच पुढे पानाचा कडकपणा बनतो, असा त्याचा अर्थ घेऊ नये. तांबूस छटा अँथोसायनिन या रंगद्रव्याची, तर कडकपणा मुख्यतः जाड झालेल्या पेशीभित्तिकांचा आणि शिरांमधील लिग्निनचा, म्हणजे लाकडाला टणकपणा देणाऱ्या द्रव्याचा, असतो. ही दोन्ही द्रव्ये फेनिलअ‍ॅलॅनिन या एकाच अमिनो आम्लापासून तयार होतात. सुरुवातीच्या काही पायऱ्या सामाईक असतात आणि त्यानंतर वाट दुभंगते : चाल्कोन सिंथेज हे विकर (एन्झाइम) हा कच्चा माल रंगद्रव्यांकडे नेते, तर दुसरी विकरे तो लिग्निनकडे वळवतात.

कोणती वाट केव्हा मोकळी करायची, हे नियामक जनुके ठरवतात. रंगासाठी एमवायबी आणि बीएचएलएच गटांतील प्रथिने डब्ल्यूडी४० गटातील प्रथिनासह एकत्र येऊन रंगद्रव्याची जनुके जागी करतात. सफरचंदाची उन्हाकडील बाजू अधिक लाल होते, कारण तेथील एमवायबी जनुक प्रकाशाने चेतवले जाते. भित्तिकांच्या बाबतीत सूत्रे एनएसी या नियामक प्रथिनांच्या गटाकडे असतात. ही प्रथिने एमवायबी४६ सारख्या दुय्यम नियामकांना कामाला लावतात आणि मग सेल्युलोज, झायलन व लिग्निन या भित्तिकेच्या तिन्ही घटकांची जनुके एका सुमारास सक्रिय होतात. अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात लिग्निनच्या वाटेवरील एचसीटी विकराचे जनुक दडपले, तेव्हा माल फ्लॅव्होनॉइडांकडे (अँथोसायनिन ज्यात मोडते त्या द्रव्यगटाकडे) वळला आणि त्यांचे प्रमाण वाढले. वाट सामाईक असल्याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

तुमच्या आंब्याचे कोवळे पान बोटाने दुमडून पाहा. ते मोडत नाही, लवते, कारण त्याच्या भित्तिका अजून पातळ असतात आणि त्यामुळेच पेशी ताणल्या जाऊन पान मोठे होऊ शकते. त्या काळात हरितद्रव्य अपुरे असते आणि अँथोसायनिन प्रखर प्रकाशापासून संरक्षण देते, असे मानले जाते. पानाची वाढ पुरी होत आली की रंगद्रव्याची निर्मिती मंदावते, आधीचे रंगद्रव्य विघटित होते, हरितद्रव्य भरते आणि शिरांभोवती लिग्निन साचू लागते.

लाकडाचा रंगही लिग्निनच्या जनुकांशी निगडित असतो. अमेरिकेतील लॉब्लॉली पाइनच्या एका नैसर्गिक उत्परिवर्तित (जनुकात आपोआप बदल झालेल्या) झाडात लिग्निनच्या अखेरच्या टप्प्यातील सीएडी विकर जवळजवळ नाहीसे झाले होते. ते झाड जगले, वाढले. पण त्याचे लाकूड तपकिरी निघाले.