यकृताचा कर्करोग : तीन डॉक्टर, तीन सल्ले

प्रश्न : माझ्या वडिलांना हिपॅटायटिस-बीमुळे सिरॉसिस (यकृत कठीण व खराब होणे) झाला असून सीटी स्कॅनमध्ये यकृतात ४ सेंटिमीटरची एकच गाठ दिसली आहे. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया, दुसऱ्यांनी प्रत्यारोपण, तर तिसऱ्यांनी 'टेस' (धमनीतून गाठीवर करायचा उपचार) सुचवले. बायोप्सी मात्र कोणीच केली नाही. आम्ही कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तिन्ही उपाय या आजारावर केले जातात, त्यांतला वडिलांना कोणता झेपेल, हे गाठीइतकेच उरलेल्या यकृतावर ठरते. बिलिरुबिन, अल्ब्युमिन व आयएनआर या यकृताचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचण्या ठीक असतील, पोटात पाणी नसेल आणि प्लेटलेट्स फार घटलेल्या नसतील, तर गाठीचा भाग काढून टाकता येतो. अन्यथा शस्त्रक्रियेनंतर उरलेले यकृतच निकामी होण्याची भीती असते.

प्रत्यारोपणात गाठीबरोबर सिरॉसिसही जातो, आणि नव्या गाठी याच खराब यकृतात उगवत असल्याने हा लाभ मोठा आहे. १९९६ पासून प्रचलित असलेल्या मिलान निकषांनुसार ५ सेंटिमीटरपर्यंतची एक, किंवा प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंतच्या तीन गाठी चालतात. मात्र रोग रक्तवाहिन्यांत शिरलेला किंवा यकृताबाहेर पसरलेला नसावा. आकारापुरते वडील या निकषात बसतात. घरातले कोणी यकृताचा भाग देणार असेल, तर त्या व्यक्तीवर कोणताही दबाव येऊ देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गाठीला रक्त मुख्यतः यकृताच्या धमनीतून मिळते, तर निरोगी भागाला बहुतांश पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या शिरेतून. 'टेस'मध्ये बहुधा जांघेतून नळी घालून गाठीच्या धमनीत औषध सोडतात व ती धमनी बंद करतात. प्रत्यारोपणाची वाट पाहताना गाठ आटोक्यात ठेवण्यासाठीही हा उपाय करतात. सुईने गाठ जाळण्याचा उपाय ३ सेंटिमीटरपर्यंत अधिक भरवशाचा असतो.

बायोप्सी न करणे हा हलगर्जीपणा नव्हे. सिरॉसिसच्या रुग्णात सीटी स्कॅनच्या धमनी-टप्प्यात (शिरेतून दिलेले रंगद्रव्य धमन्यांत पोहोचते तेव्हा) गाठ उजळून पुढच्या टप्प्यांत फिकी पडली, तर निदानाला सहसा तेवढे पुरते.

रोग पसरलेला असल्यास औषधोपचार असतात. त्यांतल्या सोराफेनिबचा महिन्याचा खर्च एकेकाळी सुमारे २,८०,००० रुपये होता. २०१२ मध्ये भारताने सक्तीचा परवाना दिल्यावर ते ८,८०० रुपयांत मिळण्याची सोय झाली.

यकृतशल्यविशारद, कर्करोगतज्ज्ञ व रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात, अशा रुग्णालयात सर्व कागद न्या. हिपॅटायटिस-बीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, आणि तुम्हा भावंडांची व आईची एचबीएसएजी (हिपॅटायटिस-बी ओळखणारी रक्ताची) तपासणी याच आठवड्यात करून घ्या.