नवी गोळी राहू दे, आधी बेडका तपासा

खानापूरच्या दादा, तुमची पोस्ट वाचून गेल्या वर्षीची आमची आईच आठवली. वडलांना पाच आठवडे खोकला, अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले आणि आता तुम्ही विचारताय की ती तीन दिवसांची नवी गोळी बेळगावात कुठं मिळेल. मी डॉक्टर नाही, निपाणीत दुकान चालवतो. तेवढं धरूनच वाचा.

ती गोळी म्हणजे नॅफिथ्रोमायसिन. आपल्याच देशात तयार झालेली, दिवसातून एकदा, तीन दिवस. अ‍ॅझिथ्रोला दाद न देणाऱ्या न्यूमोनियासाठी ती चांगली असेल, पण टीबीवरचं औषध नाही ते. आणि पाच आठवड्यांचा खोकला म्हटल्यावर आधी टीबी नाही ना, हे बघायला नको का?

आमची घोडचूक इथंच झाली. आईची हयात विड्या वळण्यात गेली, त्यामुळं खोकला म्हणजे तंबाखूची धूळ असं घरात ठरूनच गेलेलं. मेडिकलवाल्याकडून मीच लिव्होफ्लॉक्सासिन, म्हणजे दुसरं एक अँटिबायोटिक, आणलं. आठ दिवसांत ताप उतरला, भूक लागली, आम्ही खूश. ही गोळी एकटी टीबी बरा करत नाही, काही दिवस दाबून ठेवते, हे कुणी सांगितलं नाही. नंतर बेडका दिला तो गोळ्या चालू असतानाच, त्यामुळं पहिला रिपोर्ट निगेटिव्ह. अडीच महिने असेच गेले. शेवटी निघाला रिफॅम्पिसिनला (टीबीचं मुख्य औषध) न जुमानणारा टीबी, आणि लिव्होफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांनाही रेझिस्टंट. माझ्या गोळ्यांमुळंच झालं असं म्हणत नाही, पण मनातून जात नाही.

अशा टीबीवर सहा महिन्यांचा जो नवा कोर्स आहे (बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन, सरकारनं 2024 च्या सप्टेंबरात मंजूर केलेला), त्यातलं चौथं औषध त्याच जातीचं. आईला ते वगळून तीनच मिळाली.

औषध फुकट, पण ते हातात पडेपर्यंत! तपासणी सीमेपलीकडं केली होती. तिथलं एक ऑफिस म्हणे, 'आधार कर्नाटकाचं, तिकडं जा.' इकडं आलो तर, 'नोंद महाराष्ट्राची, ट्रान्सफर दिसत नाही.' एकोणीस दिवस मी सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडत होतो. सीमाप्रश्न कोर्टात आहे, मान्य. आईच्या फुफ्फुसात कशाला आणता? म्हणून तिकडं तपासणी करणार असाल तर निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीतला रुग्णाचा नंबर) लिहून घ्या, आणि ट्रान्सफर केल्याचं स्क्रीनवर दाखवल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

सकाळचा खोल खोकून काढलेला बेडका द्या, नुसती लाळ नको. ट्रूनॅट किंवा सीबीनॅट (बेडक्यातले टीबीचे जंतू जनुकांवरून ओळखणारी तपासणी) करा म्हणा, रेझिस्टन्ससकट. वडलांना शुगर असेल तर आजच जा.

आईच्या पायाला लिनेझोलिडनं मुंग्या यायच्या, आम्ही वय झालं समजून बोललोच नाही. पाय बधिर वाटले, नजर अंधुक झाली तर लगेच सांगायचं असतं. ईसीजी आणि रक्ततपासणीही चुकवू नका.

रिपोर्ट आला की इथंच टाका, नाव खोडून.