वय मोजताना दहा आठवडे वजा कर

बाय, शेजारणीच्या बाळाशी तुलना आजपासून बंद. तुझा मुलगा गरोदरपणाच्या तिसाव्या आठवड्यात जन्मला, म्हणजे पूर्ण दिवसांच्या 40 आठवड्यांना 10 कमी. आज तो साडेपाच महिन्यांचा असला, तरी विकास बघायचा तो साधारण तीन महिन्यांच्या बाळाचा. हे सुधारित वय दोन वर्षांपर्यंत धरतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. इथे माझी गल्लत झाली होती.

आत्ताची हालचालींची तपासणी अजिबात चुकवू नकोस. बाळ जागं, शांत, उताणं असताना डॉक्टर काही मिनिटं नुसतं बघतात, व्हिडिओ काढतात. मान, मनगटं, पाय यांच्या बारीक हालचाली सतत चालू दिसल्या की मोठा दिलासा. नसल्या, तर फिजिओथेरपी लगेच सुरू करता येते, आणि या वयात त्याचं मोल फार. म्हणून डिचोलीहून बांबोळीच्या इस्पितळात निघताना दूध-झोपेची वेळ जुळवून घे. रडणाऱ्या बाळाची ही तपासणी होत नाही. मी एकदा तशीच परत आले.

डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासला होता ना? तो कागद ने, कानांचाही. आणि सासूबाईंना सांग, पुढेही वॉकर आणू नका. बाळ जागं असेल तेव्हा पोटावर खेळवा, समोर बसून.