बारावीनंतर बीएस्सी अ‍ॅग्री करू का? घरचे म्हणतात शेतीच करायची तर डिग्री कशाला

भावा, तू लिहिलंयस की सीईटी दिलीय, घरी दीड एकर ऊस आहे, अ‍ॅग्री घ्यावं वाटतंय पण वडील म्हणतात शेती मी शिकवतो, कॉलेजात पैसे कशाला घालवतोस. आमच्या घरात पण अगदी हेच झालेलं. मी करवीर तालुक्यातला, राहुरी विद्यापीठाखालच्या कॉलेजातनं बीएस्सी अ‍ॅग्री केली, दोन वर्षं कंपनीत घासली, आता गावात कृषी सेवा केंद्र हाय, म्हणजे बी-खत-औषधांचं दुकान.

वडिलांचं अर्धं बरोबर हाय. तिथं ऊस लावायला शिकवत नाहीत. मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, जेनेटिक्स, इकॉनॉमिक्स असं सगळं आणि तेही इंग्रजीत, त्यामुळं मराठी मीडियमच्या पोरांची पहिल्या सेमला वाट लागते, कारण मुळं खाणाऱ्या ज्या अळीला जन्मभर हुमणी म्हटलं तिचं होलोट्रायकिया पाठ करायला लागतंय. दुसऱ्या वर्षापर्यंत बसतं सगळं.

खरी डिग्री सातव्या सेमला, 'रावे'मध्ये, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. सहा महिने गावात जायचं, शेतकऱ्यांना प्रात्यक्षिकं दाखवायची. आम्ही बेणेप्रक्रिया, म्हणजे लावणीआधी उसाच्या कांड्यांना औषध लावणं, दाखवत होतो, 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम, कांड्या 10 मिनिटं बुडवायच्या, मग जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास. बांधावर एक काका तंबाखू मळत बघत बसलेले, ते म्हणाले, "पोरांनो झ्याक हाय, पर त्या अर्ध्या तासाला गड्यांची मजुरी कोण देणार, तुमचं कॉलेज?" आम्ही गप्प. पुस्तकात याचं उत्तरच नव्हतं! मग दुसऱ्या दिवशी दोन बॅरल नेली, एकातली कांडी लावणीला जातीय तोवर दुसऱ्यातली भिजतीय, गडी बसून राहायचा प्रश्नच नाही. काकांनी चार सऱ्या केल्या, फक्त चारच, पण केल्या. आज दुकानात मी दिवसभर हेच काम करतो, पुस्तकातलं शेतकऱ्याला जमेल असं करून सांगायचं.

आता नोकरीचं. सरकारी पाहिजे तर एमपीएससीची कृषी सेवा, कृषी विभागाची भरती, आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षेतनं कृषी अधिकारी, नाबार्ड. यात अभ्यास तिसऱ्या वर्षापासनंच धरायला लागतो, आणि जागा कधी निघतील त्याचा नेम नाही, आमच्या बॅचची काही पोरं अजून पुण्यात रूम करून बसल्यात. संशोधनात जायचं तर आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) परीक्षा देऊन एमएस्सी, पुढं पीएचडी, लांबचा रस्ता हाय पण पिंड असेल तर जा. आपल्याकडं साखर कारखान्यांच्या शेती विभागात पण घेतात, तिथं ओळख चालते हे वेगळं सांगायला नको.

खत-औषधांच्या कंपन्या लवकर घेतात. मी तिथंच होतो. बाइकवर दिवसभर उन्हात, ते चालतं, पण मार्च एंडला टार्गेटसाठी डीलरच्या गळ्यात माल मारायचा आणि पावसाळ्यानंतर तोच माल रिटर्न घ्यायला त्याच्याच शिव्या खायच्या, ते मला जमलं नाही. काहींना जमतं, ती पोरं आज मोठ्या पोस्टवर हायत.

दुकान टाकायचं तर कीटकनाशक लायसनला आता शिक्षणाची अट हाय, बीएस्सी अ‍ॅग्री चालते. केंद्राची अ‍ॅग्री क्लिनिक योजना पण बघ, 45 दिवसांचं ट्रेनिंग आणि कर्जावर सबसिडी मिळते. एक सांगतो, पास झाल्या झाल्या दोघंजण माझ्याकडं आले, सर्टिफिकेट आमच्या दुकानाला लाव, वर्षाला पैसे देतो. अजिबात देऊ नकोस. तिथं बोगस औषध सापडलं तर कागदावर नाव तुझं.

तर वडिलांना सांग, दीड एकरासाठी डिग्री नको हे खरंच हाय, दीड एकरावर घर चालत नाही म्हणून पाहिजे.

आणि सातबारा आत्ताच काढून ठेव, आमच्या वेळी अ‍ॅडमिशनला शेतकऱ्याच्या पोरांना त्याचे जादा गुण मिळायचे, यंदाचा नियम माहितीपत्रकात बघ. जमीन अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडं फेऱ्या माराव्या लागतात, माझे त्यातच तीन आठवडे गेलेले.